एसीचा आवाज पार्ट बदलूनही परत येतो, तेव्हा काय तपासायचं

"टकटक येत होती, गॅरेजवाल्याने मोटर बदलली, थोडे दिवस बरं चाललं, आता पुन्हा तेच." उन्हाळा सुरू झाला की गाडीच्या एसीबद्दल ही तक्रार सारखी कानावर येते. टकटकच्या जागी कधी घरघर असते, कधी फडफड, कधी भल्या सकाळी सोसायटीला जागं करणारी किंचाळी. पैसे एकदा जाऊन बसलेले असतात आणि "आता बहुतेक कॉम्प्रेसरच गेला" या भीतीने माणूस आधीच निम्मा खचलेला असतो.

मी मिरजेत गाड्यांच्या एसीचंच काम करतो, म्हणून ठामपणे सांगतो: परत परत येणाऱ्या आवाजात कॉम्प्रेसर, म्हणजे एसीचा गॅस दाबणारा पंप, गेलेला निघणं तसं कमीच. आवाज करतो एक पार्ट, आणि त्याला आवाज करायला लावणारं कारण बसलेलं असतं दुसरीकडे. पार्ट बदलला आणि कारण आत तसंच राहिलं, की नवा पार्टही जुन्याच्याच वाटेने जातो. तेव्हा पाना हातात घेण्याआधी आवाज कशासोबत येतो आणि कशासोबत जातो हे शोधायचं. त्याला हत्यार लागत नाही. गाडीचा मालक घरासमोर उभा राहून हे करू शकतो, आणि खरं तर त्यानेच करावं, कारण गॅरेजमध्ये नेलं की आवाज नेमका गप्प बसतो हा सगळ्यांचाच अनुभव आहे.

आधी आवाज वेगळा काढा

शांत जागी गाडी उभी करा, काचा वर, म्युझिक बंद. किल्ली दुसऱ्या खटक्यावर ठेवा, इंजिन चालू करू नका. बटण स्टार्टच्या गाडीत ब्रेकवर पाय न ठेवता बटण दोनदा दाबलं की बहुतेक गाड्या याच स्थितीत येतात. आता ब्लोअर, म्हणजे हवा फेकणारा पंखा, १ वर लावा, मग २, ३, ४. इंजिन बंद आहे, म्हणजे बेल्ट, पुली, कॉम्प्रेसर यांचा काही संबंधच उरला नाही. या वेळी आवाज आला तर तो डॅशबोर्डच्या आतलाच. ब्लोअरचा वेग वाढवला की आवाजाचाही वेग वाढतो का, ते बघा. वाढत असेल तर ब्लोअर किंवा त्याच्या वाटेत अडकलेली वस्तू. वेग कितीही बदला, टकटक आपली एकाच लयीत, तर हवा वळवणाऱ्या झडपेची, म्हणजे फ्लॅपची, मोटर.

मग ब्लोअर १ वर ठेवून टेम्परेचर अगदी थंड ते अगदी गरम असं सावकाश फिरवा. हवा तोंडावर, पायाकडे, काचेवर अशी बदला. शेवटी बाहेरची हवा आणि आतली हवा हे बटण दाबा. प्रत्येक बदलानंतर दहा सेकंद थांबून ऐका. कुठल्या बटणाला आवाज उत्तर देतो, ते कागदावर लिहून ठेवा.

आता इंजिन चालू करा, एसीचं बटण बंद. नुसत्या इंजिनावर आवाज आहे का? मग एसी लावा. बहुतेक गाड्यांत ब्लोअर बंद असेल तर कॉम्प्रेसर सुरूच होत नाही, म्हणून ब्लोअर १ वर हवाच. कोणाला तरी बॉनेटजवळ उभं करा, पण ओढणी, सैल बाही किंवा गळ्यातली साखळी बेल्टजवळ जाऊ देऊ नका. रेडिएटरचा फॅन इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, तिथे बोटं नकोत.

मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करताना तो कुठे धरला होता तेही बोलून ठेवा. "ग्लोव्ह बॉक्सखाली, ब्लोअर ३, एसी बंद" एवढं ऐकू आलं तरी मेकॅनिकचं अर्धं काम झालं.

डॅशबोर्डमागची टकटक

या आवाजाने लोक सगळ्यात जास्त हैराण होतात आणि पार्ट बदलल्यावर सगळ्यात जास्त वेळा परत येतो तोही हाच. म्हणून याच्यावर जरा थांबतो.

डॅशबोर्डच्या आत हवेचा एक मोठा प्लास्टिकचा डबा असतो. त्यात कूलिंग कॉइल आणि हीटरची कॉइल. हवा कुठून घ्यायची, कुठल्या कॉइलवरून न्यायची आणि कुठून बाहेर सोडायची, हे त्यातले फ्लॅप ठरवतात. जुन्या किंवा साध्या गाडीत हे फ्लॅप नॉबला जोडलेल्या तारेने हलतात. ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोल असलेल्या गाडीत प्रत्येक फ्लॅपला काडेपेटीपेक्षा थोडी मोठी मोटर असते. आत लहानशी डीसी मोटर आणि प्लास्टिकच्या गिअरची माळ. फ्लॅप मध्येच अडला किंवा गिअरचा दात तुटला, तरी मोटर जोर लावतच राहते, दात एकमेकांवरून घसरतात आणि टक, टक, टक सुरू होते. काही सेकंदांनी कंट्रोलरला कळतं की फ्लॅप जागेवर पोहोचत नाही, तो प्रयत्न सोडतो आणि आवाज थांबतो. गाडी सुरू केल्यावर थोडा वेळ टकटक आणि मग शांत, किंवा गाडी बंद केल्यानंतर टकटक, हे याच दुखण्याचं लक्षण.

कुठला फ्लॅप ते वर लिहिलेल्या कागदावरून कळतं. टेम्परेचर फिरवल्यावर टकटक, तर थंड-गरम मिसळणारा फ्लॅप. दोन्ही बाजूंचं टेम्परेचर वेगळं ठेवता येणाऱ्या गाडीत एक-एक बाजू फिरवून पाहा. तोंडावर-पायावर बदलताना टकटक, तर हवेची दिशा ठरवणारा. आतली-बाहेरची हवा बदलताना, तर डावीकडे ब्लोअरच्या वर बसलेला रिसर्क्युलेशनचा फ्लॅप.

इथपर्यंत बरेच जण पोहोचतात. मोटर काढतात, गिअरचा दात तुटलेला दिसतो, नवी मोटर बसवतात, आवाज बंद. चूक इथेच होते, कारण दात का तुटला हे कोणी विचारत नाही.

मागच्या पावसाळ्यानंतर एक निवृत्त शिक्षक त्यांची सेडान घेऊन आले. दुसरीकडे मोटर बदलून झाली होती.

"अहो, बिल आहे माझ्याकडे, पार्ट नवा आहे," ते म्हणाले. "मग पुन्हा कसा गेला?"

"सर, मोटर नंतर बघू. आधी फ्लॅप हाताने फिरतो का बघू."

ड्रायव्हरच्या पायाजवळचं कव्हर काढून मोटरचे तीन स्क्रू सोडले. मोटर बाजूला झाली की फ्लॅपच्या दांड्याचं पांढरं टोक दिसतं. ते दोन बोटांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सहज फिरायला हवं. इथे ते दोन तृतीयांश फिरलं आणि पुढे चिकटलं. जोर दिला की स्प्रिंगसारखं मागे येत होतं. हीटरच्या बाजूने लहान कॅमेरा आत घातला तेव्हा दिसलं की फ्लॅपवर चिकटवलेला काळा फोम उष्णतेने विरघळून डांबरासारखा चिकट झाला होता, त्याची एक कड सुटून फ्लॅप आणि डब्याच्या भिंतीमध्ये दुमडून बसली होती. मोटर दर वेळी त्या गोळ्यावर आपटत होती. सरांना विचारलं, व्हेंटमधून काळे कण येतात का? "येतात की! डॅशबोर्डवर पडतात, मी रोज पुसतो."

ते काळे कण हाच खरा पुरावा होता. फोम खरवडून काढला, दांड्याची दोन्ही टोकं पुसली, कडेला पातळ नवा फोम लावला आणि फ्लॅप बोटाने मोकळा फिरतोय याची खात्री झाल्यावरच मोटर बसवली. आपल्याकडे गाडी एप्रिल-मे महिन्यात दिवसभर उन्हात उभी असते, त्यामुळे दहा-बारा वर्षं जुन्या गाडीत हा फोम सुटलेला बऱ्याचदा सापडतो. व्हेंटमधून पेन, नाणं किंवा अत्तराच्या बाटलीचं झाकण आत पडूनही फ्लॅप अडतो. लहान मुलं असलेल्या घरात हे आधी विचारावं.

मोटर बसवल्यावर कॅलिब्रेशन राहून गेलं तरी टकटक येते. फ्लॅपची दोन्ही टोकं कुठे आहेत हे कंट्रोलरला नव्याने शिकवावं लागतं. काही गाड्या बॅटरीची तार काढून लावली की आपोआप शिकतात, काहींत बटणांची ठरावीक जोडी दाबून धरावी लागते, काहींना स्कॅनर लागतो. मॉडेलप्रमाणे पद्धत वेगळी, मॅन्युअल बघूनच करायचं. बॅटरी बदलल्यावर पहिल्यांदा इग्निशन दिलं की सगळे फ्लॅप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन येतात आणि तेवढ्यापुरती कुरकुर ऐकू येते. ती एकदा येऊन गेली तर घाबरू नका. बॅटरी बदलल्यापासून रोजच टकटक सुरू झाली असेल, तर मात्र मोटर मागवण्याआधी कॅलिब्रेशन करून घ्या.

तारेवरच्या नॉबच्या गाडीत टकटक नसते, फडफड असते. तारेची क्लिप सुटते, फ्लॅप मोकळा लोंबतो आणि ब्लोअरच्या वाऱ्यावर आपटतो. नॉब नेहमीपेक्षा हलका फिरत असेल तर तिथेच बघा.

ब्लोअरची घरघर आणि खडखड

आपल्याकडच्या गाड्यांत ब्लोअर डावीकडे, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे-खाली असतो. बाहेरची हवा तो वायपरखालच्या जाळीतून घेतो, आणि झाडाखाली लावलेल्या गाडीची सगळी पानगळ याच जाळीवर पडते. पिंपळाचं पान मोठं, ते जाळीवरच अडतं. कडुनिंब, गुलमोहर, शेवगा यांच्या बारीक पानोळ्या मात्र सरळ आत जातात. पान पंख्याला लागलं की सायकलच्या चाकात पुठ्ठा लावल्यासारखा फरफर आवाज येतो, वळणावर बदलतो आणि खड्ड्यातून गेलं की कधी कधी गायबही होतो. गायब झाला म्हणजे पान बाहेर पडलं असं समजू नका, ते पुढे कॉइलवर जाऊन चिकटलेलं असतं आणि पावसाळ्यात तिथेच कुजून वास मारतं.

ग्लोव्ह बॉक्स काढा आणि आधी फिल्टर बघा. काही गाड्यांत फिल्टर ब्लोअरच्या आधी असतो, काहींत नंतर. नंतर असेल तर पानांना पंख्यापर्यंत मोकळं रान. काही जुन्या, खालच्या व्हेरियंटच्या गाड्यांत तर फिल्टरची जागा असते आणि फिल्टरच नसतो. फिल्टर उलटा बसवला असेल, चुकीच्या मापाचा कापून कोंबला असेल, तर त्याची कड हवेत थरथरते आणि त्याचा भोंग्यासारखा आवाज येतो. हवेच्या दिशेचा बाण फिल्टरच्या कडेला छापलेला असतो.

पंखा बाहेर काढला की पात्यांवर बसलेली धूळ पूर्ण काढा. अर्धवट काढली तर पंख्याचा तोल जातो आणि ठरावीक वेगालाच घूंघूं सुरू होते. पंख्याच्या कडेला लहान धातूच्या क्लिपा दिसल्या तर त्या तोल साधायला कंपनीनेच लावलेल्या असतात, काढू नका. मोटर पाण्याने धुवायची नाही, पंखा ब्रशने आणि हवेने साफ करायचा.

सकाळी गाडी गार असताना चिवचिव, पाच मिनिटांनी बंद, आणि डावी-उजवी वळणं घेताना पुन्हा चिवचिव, असं असेल तर मोटरच्या आतला बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती कडी, झिजलाय. त्यात तेलाचा थेंब टाकून देणारे बरेच भेटतील. काही दिवस आराम पडतो, मग त्याच तेलावर धूळ बसून बुश आणखी झिजतो. मोटर बदलणं हाच उपाय. आणि नवी मोटर घालतानाच वायपरखालची जाळी, तिच्या बाजूचं रबर आणि फिल्टर नीट करून घ्या, नाहीतर पुढच्या पानगळीला पुन्हा तिथेच याल.

उंदरांबद्दल वेगळं लिहायला हवं. पावसाळ्यात आणि सुगीच्या दिवसांत कोरडी, उबदार जागा शोधत ते बॉनेटमध्ये येतात, तिथलं इन्सुलेशन कुरतडतात आणि बाहेरच्या हवेची वाट उघडी दिसली की ब्लोअरच्या डब्यात घरटं करतात. खडखड, मग वास, मग एक दिवस ब्लोअर बंद. घरटं सापडलं तर उघड्या हाताने काढू नका आणि कोरडं झाडू नका. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो, मुंबईत आणि कोकणात दर पावसाळ्यात त्याच्या बातम्या येतात. हातमोजे आणि मास्क घाला, आधी जंतुनाशक फवारून ओलं करा, मग पिशवीत भरा. फिल्टर टाकून द्या. पुन्हा येऊ नयेत यासाठी गाडी बंद करण्याआधी "आतली हवा" हे बटण दाबून ठेवायची सवय लावा. बहुतेक गाड्यांत फ्लॅप तसाच राहतो आणि बाहेरची वाट मिटते. वायपरच्या जाळीखाली बारीक स्टीलची जाळी बसवली तर आणखी चांगलं, फक्त पावसाचं पाणी वाहून जायची वाट झाकू नका.

बॉनेटखालचे आवाज

एसी लावला की खट् असा एक आवाज येतो, तो कॉम्प्रेसरच्या क्लचचा. विजेच्या चुंबकाने क्लचची चकती पुलीला चिकटते. हा आवाज हवाच. पण दर तीन-चार सेकंदांनी खट्-खट् होत असेल आणि गारवाही कमी असेल, तर गॅस कमी झालाय, प्रेशर स्विच कॉम्प्रेसर तोडतोय आणि जोडतोय असा संशय घ्या. काही नव्या गाड्यांत क्लच नसतोच, कॉम्प्रेसर सतत फिरतो आणि आतल्या आत कमी-जास्त होतो. तिथे खट् ऐकू येत नाही म्हणून क्लच गेला असं कोणी सांगितलं तर दुसरं गॅरेज गाठा.

घरघर एसी बंद असतानाही असेल तर कॉम्प्रेसर उघडायचं कारण नाही. पुलीचं बेअरिंग इंजिन चालू आहे तोवर फिरतच असतं, एसी असो वा नसो. त्याच बेल्टवर बेल्टला वाट देणारी पुली (आयडलर), ताण देणारा टेन्शनर, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर आणि बऱ्याच गाड्यांत इंजिन थंड ठेवणारा वॉटर पंपही असतो. बेल्ट काढून एकेक पुली हाताने फिरवायची. खरखर लागते किंवा डगमगते ती दोषी. पुष्कळदा यात आयडलरचं साधं बेअरिंग निघतं, आणि ते न तपासता कॉम्प्रेसरचं एस्टिमेट हातात पडलेलं असतं. हे पाहिलं की मनापासून वाईट वाटतं, कारण तपासायला पंधरा मिनिटं पुरतात.

एसी लावल्यावर बेल्ट किंचाळतो, विशेषतः पावसाळी सकाळी, तर इंजिन चालू असताना बेल्टच्या खाचांच्या बाजूवर लांबून थोडं पाणी फवारा. आवाज क्षणभर थांबला तर पुल्या एका रेषेत नाहीत. आवाज वाढला तर ताण कमी आहे, बेल्ट घसरतोय. बेल्टला साबण, मेण किंवा स्प्रे लावून गप्प करण्याच्या भानगडीत पडू नका. टेन्शनर सैल असेल तर नवा बेल्टही महिन्याभरात ओरडायला लागतो.

क्लचची चकती आणि पुली यांच्यात साधारण ०.३ ते ०.६ मिलिमीटरची फट असते, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळतो. चकती झिजून फट वाढली की भर उन्हात, ट्रॅफिकमध्ये चुंबकाची ओढ कमी पडते, चकती घसरते आणि कर्कश आवाज येतो. बऱ्याच क्लचमध्ये आतली पातळ शिम (वॉशर) कमी करून फट पुन्हा जमवता येते. पूर्ण कॉम्प्रेसर बदलायची गरज नसते.

एसी लावल्यावर सगळी गाडी थरथरते, स्टिअरिंगला झिणझिण्या येतात, डॅशबोर्ड खडखडतो, आणि ॲक्सिलरेटर थोडा दाबला की सगळं शांत, असं झालं तर एसी सोडा आणि इंजिनाचं माउंटिंग बघा. कॉम्प्रेसरचा भार आला की आयडलिंगवर इंजिन जास्त हलतं, आणि बसलेलं रबर ते पेलत नाही. एसीची जाड-बारीक पाइप कुठे बॉडीला टेकलीय का, तिची क्लिप सुटलीय का, हेही याच वेळी बघून घ्या. धातूची पाइप पत्र्याला लागली की गुरगुर थेट पायाखाली ऐकू येते, आणि कालांतराने तिथेच घासून गॅस जातो.

सिग्नलला उभं राहिलं की कॉम्प्रेसर गुरगुरतो आणि हायवेवर गप्प, तर कंडेन्सरला, म्हणजे रेडिएटरपुढच्या गॅस थंड करणाऱ्या जाळीला, हवा मिळत नाही. फॅन फिरतो का, पूर्ण वेगात फिरतो का, पातं तुटलंय का, कंडेन्सर चिखलाने भरलाय का, हे क्रमाने बघा. गुरगुर चालू असताना कंडेन्सरवर बाटलीभर साधं पाणी ओता. आवाज लगेच उतरला आणि गारवा वाढला, तर दुखणं तिथेच आहे. गॅस जास्त भरला असेल तरी असंच होतं, आणि "भाऊ, थोडा जास्त टाका, गार होईल" असं गिऱ्हाईकच म्हणतं तेव्हा नेमकं हेच घडतं.

गॅसबद्दल सरळ सांगतो

गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. बंद पाइपांमध्ये तोच तो फिरत असतो. दर वर्षी भरावा लागतो याचा अर्थ कुठेतरी लीक आहे. लीक न शोधता नुसता भरला की गॅससोबत तेलही हळूहळू कमी होतं, आणि तेलाशिवाय कॉम्प्रेसर कोरडा घासायला लागतो. परत येणाऱ्या घरघरीचं हे अगदी ठरलेलं कारण आहे. सांध्याजवळ तेलकट, धुळीने माखलेला डाग दिसला तर लीक तिथे शोधा. नायट्रोजनचं प्रेशर देऊन साबणाचा फेस लावा किंवा रंग टाकून अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली बघा.

गाडी बंद असताना गेज लावून "प्रेशर बरोबर आहे, गॅस फुल आहे" असं कोणी म्हणालं तर ते मान्य करू नका. आर-१३४ए हा गॅस असलेल्या गाडीत ३० अंशांना दोन्ही गेज साधारण ९५ ते १०० पीएसआय (दाबाचं माप) दाखवतात, आणि आत थोडा जरी द्रव गॅस शिल्लक असला तरी तेवढंच दाखवतात. निम्मा गॅस असला तरी काटा तिथेच. एसी चालू असताना, ३५ अंशांच्या आसपास, लो म्हणजे कमी दाबाचा गेज साधारण ३० ते ४५ आणि हाय म्हणजे जास्त दाबाचा २०० ते २७५ या घरात दिसायला हवा. तरीही खरी खात्री एकच: सगळा गॅस काढून, किमान अर्धा तास व्हॅक्यूम (आतली हवा ओढून निर्वात) धरून, बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या वजनाइतकाच भरणे. स्टिकरवर ग्रॅम लिहिलेले असतात. मशीनवर किंवा काट्यावर मोजून भरा असं मोकळेपणाने सांगा.

त्याच स्टिकरवर गॅसचं नावही असतं. नव्या काही गाड्यांत आर-१२३४वायएफ असतो. तो वेगळा, त्याचे नोझल वेगळे, आणि तो काही प्रमाणात पेट घेऊ शकतो. दोन्ही मिसळायचे नाहीत. स्वस्तात मिळतो म्हणून स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचा गॅस भरून देणारेही आहेत. तो डॅशबोर्डमध्ये लीक झाला तर बंद काचांच्या गाडीत आगीची तयारीच झाली म्हणायची. कितीही घाई असली तरी भरू देऊ नका.

एसी किंवा इंजिन बंद केल्यावर डॅशबोर्डमागून सुस्स् असा आवाज येऊन मिनिटभरात विरतो. दोन्ही बाजूंचं प्रेशर कूलिंग कॉइलमध्ये गॅस सोडणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून सारखं होत असतं, त्याची काळजी करू नका. एसी चालू असताना सतत फुसफुस आणि गारवा कमी असेल तर व्हॉल्व्हपर्यंत द्रवाऐवजी बुडबुडे पोहोचतायत, म्हणजे पुन्हा गॅस कमी.

पाण्याचे आवाज

ब्रेक मारला की डॅशबोर्डमध्ये डबडब होतं आणि डावीकडचं कार्पेट ओलं लागतं. कूलिंग कॉइलवरचं पाणी जाणारी नळी तुंबलीय. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत एसी लावून उभ्या गाडीखाली पाण्याचं थारोळं साचतं, तसंच साचायला हवं. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे कोरड्या हवेत मात्र पाणी जेमतेम ठिपकतं, तिथे नळी तुंबली असा निष्कर्ष घाईने काढू नका. नळी खालून मऊ वस्तूने किंवा हलक्या हवेने साफ करा. कडक तार घुसवली तर कॉइलला भोक पडू शकतं.

ॲक्सिलरेटर दाबल्यावर झऱ्यासारखी खळखळ ऐकू येते, ती वेगळी. हीटरच्या कॉइलमध्ये कूलंटसोबत हवा शिरलीय. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर कूलंटची पातळी बघा. गरम असताना झाकण उघडायचं नाही. भरूनही पातळी पुन्हा उतरत असेल तर तो एसीचा प्रश्न राहत नाही. लीक, आणि वेळ पडली तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाचं (हेडचं) सील, तपासावं लागेल.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर

तिथे बेल्ट नाही, क्लच नाही. कॉम्प्रेसर स्वतःच्या मोटरवर, शेकडो व्होल्टवर चालतो. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे त्याची घूंघूं जास्त कानात भरते, आणि फास्ट चार्जिंगच्या वेळी बॅटरी थंड ठेवण्यासाठी गाडीत कोणी नसतानाही कॉम्प्रेसर आणि फॅन जोरात चालतात. हा बिघाड नाही. डॅशबोर्डमधल्या आवाजांना वरची सगळी तपासणी तशीच लागू. नारिंगी तारांना मात्र हात लावू नका, आणि या गाड्यांच्या कॉम्प्रेसरला वेगळं, वीज न वाहणारं तेल लागतं. साध्या गाडीचं तेल त्यात गेलं तर इन्सुलेशन बिघडतं. ज्या गॅरेजला हे माहीत नाही तिथे गाडी देऊ नका.

कॉम्प्रेसर खरंच गेला असेल तर

एसी लावल्यावरच येणारी, इंजिनाच्या वेगासोबत वाढणारी, लोखंडावर लोखंड घासल्यासारखी घरघर. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक कॉम्प्रेसरच्या अंगावर आणि मूठ कानाला लावली की स्पष्ट ऐकू येते. पाइप सोडल्यावर तेलात चंदेरी चमक दिसली तर आत चुरा झालाय. अशा वेळी नुसता कॉम्प्रेसर बदलू नका. तो चुरा कंडेन्सरच्या बारीक नळ्यांमध्ये आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये बसलेला असतो आणि नवा कॉम्प्रेसरही काही महिन्यांत खातो. पाइपा फ्लश करायच्या (आतून धुवायच्या), गॅसमधला ओलावा शोषणारा ड्रायर आणि व्हॉल्व्ह नवा. हल्लीचा कंडेन्सर फ्लश करून पूर्ण साफ होत नाही, तोही बदलायचा, आणि तेल मोजून घालायचं. एस्टिमेटमध्ये हे सगळं लिहिलंय का ते बघा. फक्त "कॉम्प्रेसर आणि गॅस" एवढंच लिहिलं असेल तर तिथेच विचारा.

तोवर गाडी चालवावी का, असं बरेच जण विचारतात. एसी बंद केल्यावर आवाज पूर्ण थांबत असेल आणि गाडीच्या कॉम्प्रेसरला क्लच असेल, तर एसी न लावता घरापर्यंत नेता येते. एसी बंद करूनही घरघर चालू असेल, रबर जळल्याचा वास येत असेल किंवा पुलीतून धूर निघत असेल, तर जागच्या जागी इंजिन बंद करा. पुली जाम झाली की बेल्ट तुटतो, आणि त्याच बेल्टवर अल्टरनेटर आणि वॉटर पंप असेल तर पुढच्या काही किलोमीटरमध्ये इंजिन तापून हेड जातं. अशी गाडी टो करूनच गॅरेजला न्या.